आमची घरं गार करणारी बॅच

किस्से जमवावे लागतात असं कोण म्हणतं? छे! तीन शिकाऊ माणसं कुणाच्यातरी घरात सोडा, संध्याकाळपर्यंत किस्सा आपोआप तयार होतो. आमच्याकडे तर इतके साठलेत की डबा खाताना एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांच्या पोळ्या वाळतात.

आमच्याकडे म्हणजे येरवड्यातल्या आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये. दोन वर्ग, एक पत्र्याची शेड, आणि शिकवायला मी. काय शिकवते? घर उन्हाळ्यात कमी तापावं आणि लाइटबिल कमी यावं म्हणून त्या घरात जे जे करता येतं ते सगळं. गच्चीवर ऊन परतवणारं पांढरं कोटिंग करायचं, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपला आवरण घालायचं, वीज खाणारे जुने पंखे काढून नवे लावायचे. आधी मी एसीच्या कंपनीत सर्व्हिसला होते. लोकांना एसी बसवून बसवून दमले आणि आता एसी लागूच नये म्हणून माणसं तयार करते. आमचे हे म्हणतात, "प्रायश्चित्त घेतेयस!" म्हणू देत बापडे.

यंदाच्या बॅचमधली तीन माणसं तुम्हाला माहीत हवीत. पहिली रेखाताई. इथेच येरवड्यात पत्र्याच्या घरात राहते. एका कंपनीत पॅकिंगला होती, ती नोकरी सोडून आमच्याकडे आली. हात सफाईदार आणि तोंड त्याहून! दुसरा प्रशांत, अमरावतीचा, आयटीआय करून आलेला. तिसरे बाळासाहेब, मूळ खराडीचे शेतकरी. जमिनीवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, यांच्याकडे उरल्यात भाड्याच्या खोल्यांची एक चाळ आणि दोन म्हशी. "दिवसभर टीव्हीपुढे लोळू नका," म्हणून वहिनींनी त्यांना आमच्याकडे धाडलं.

तिघांमध्ये खरं टांगणीला लागलं होतं ते रेखाताईचं. एखाद्या मोठ्या सोसायटीचं पूर्ण काम मिळालं, तर तिची स्वतःची टीम उभी राहणार होती आणि हे दोघे तिच्या हाताखाली. नाही मिळालं, तर उन्हाळा संपायच्या आत परत पॅकिंगला. तिच्या जुन्या सुपरवायझरने जागा धरून ठेवली होती, आणि "येताय ना?" म्हणून सारखा फोन करायचा. टेन्शन मला! ती मात्र निवांत. "काम मिळणार, मॅडम. तुम्ही उगाच बीपी वाढवू नका."

* * *

फट कुठे आहे हे शोधायला आम्ही अगरबत्ती वापरतो. हसू नका, याहून स्वस्त यंत्र नाही. खिडकीच्या चौकटीजवळ धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक, वाकडा गेला की समजायचं, इथून हवा शिरतेय.

बिबवेवाडीला एका घरी गेलो होतो. मालक मार्केट यार्डातले कांद्याचे व्यापारी, ते पहाटेच गाळ्यावर गेलेले. घरात सून आणि आजी. रेखाताईने अगरबत्ती पेटवली आणि हॉलच्या खिडकीवरून सावकाश फिरवायला लागली. आजी आतून आल्या. थबकल्या. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि रेखाताईच्या मागोमाग चालायला लागल्या!

मी लांबून खुणा करतेय, अगं सांग त्यांना! पण आजींचा चेहरा इतका भक्तिभावाने भरलेला की रेखाताईचं धाडसच होईना. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, दोन्ही बेडरूम झाल्या. मध्येच सून फोनवर मोठ्याने बोलायला लागली, तर आजींनी डोळे वटारून तिला गप्प केलं. शेवटी वाटीत गूळखोबरं घेऊन त्या वाकायला लागल्या तेव्हा मात्र रेखाताई पार ओशाळली.

"आजी, अहो, काय करताय! मी नुसत्या फटी शोधतेय."

"शोध की! मी कुठे नाही म्हणतेय?" आजी म्हणाल्या. "पण खरं सांगू का बाई, वास्तुशांतीला आमच्या गुरुजींनीसुद्धा बाथरूमची खिडकी सोडली होती. तू नाही सोडलीस!"

* * *

फटी बुजवण्यात प्रशांतचा हात धरणारा कुणी नाही. अडचण एवढीच, की त्याला फट दिसली की राहवत नाही.

कोथरूडला एका निवृत्त प्राध्यापकांच्या फ्लॅटमध्ये मुख्य दाराखाली बोटभर फट होती. प्रशांतने तिथे रबराची पट्टी अशी ठोकली की मुंगीलाही आत यायला बेल वाजवावी लागेल. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले.

पुढच्या आठवड्यात मला फोन. "आपण त्या ट्रेनिंगवाल्या बाई का?"

"हो सर, बोला ना."

"गारवा आहे."

मी खूश! म्हटलं, कोथरूडमधून कौतुक आलं, आता काय हवंय?

"पेपर नाही," सर म्हणाले.

तेव्हा उलगडा झाला. त्यांचा पेपरवाला रोज सकाळी पेपर दाराखालून आत सरकवायचा. आता फटच नाही म्हटल्यावर तो बाहेर टाकून जात होता. मी म्हटलं, "सर, मग जरा दार उघडून घ्यायचा."

"घेतो की. पण माझ्याआधी शेजारचे घेतात. वाचून, नीट घडी करून परत ठेवतात. त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. पण ते शब्दकोडं सोडवून ठेवतात."

"अरेरे!"

"आणि चुकीचं सोडवतात!"

प्रशांत त्याच दिवशी जाऊन दाराबाहेर कुलपाची पेपरपेटी लावून आला. तेव्हापासून आमच्या शिकवण्यात फटीला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचाच असतो: इथून रोज आत काय येतं? अशी चूक पुस्तकात सापडत नाही, ती करावीच लागते.

* * *

आमच्या कामाला अजून धड नाव नाही. प्लंबरला आहे, इलेक्ट्रिशियनला आहे, आम्हाला नाही. प्रशांत अमरावतीला मुलगी बघायला गेला तेव्हा याची चांगलीच परीक्षा झाली. त्याने येऊन सांगितलं तसं सांगते.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता पुण्यात?"

"लोकायच्या घरातली गरमी कमी करतो."

"म्हणजे एसी बसवता?"

"नाही. एसी लागू नये असं करतो."

वडिलांनी जरा विचार केला. अमरावतीचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणला असणार. "म्हणजे लोकायनं एसी घेऊ नये, वीज जास्त जाळू नये, हे सांगाचे तुले पैसे भेटते?"

"हाव."

"अन् लोक देते?"

"हाव, देते."

वडील वळून आत ओरडले, "अवो, पोहे आणा लवकर! हा पोट्टा कोणालेई काईई विकू शकते!"

लग्न ठरलं. साखरपुड्याच्या आधी जावई सासऱ्याच्या गच्चीवर कोटिंगचे दोन हात मारून आला, मग कुठे सासूबाईंची खात्री पटली.

* * *

बाळासाहेबांनी एकदा उरलेलं कोटिंग मागितलं. "मॅडम, घरी जरा प्रॅक्टिस करतो." मला किती बरं वाटलं! त्यांच्या चाळीतल्या सगळ्या खोल्यांवर पत्रे आहेत. एप्रिलमध्ये आत माणूस भाजून निघतं. म्हटलं, चला, निदान भाडेकरूंना तरी सुख.

दोन-चार दिवसांनी आम्ही सगळे बघायला गेलो. चाळ होती तशीच, गंजकी, तापलेली. आणि पलीकडे गोठा! पांढराशुभ्र, डोळे दिपतील असा.

मी म्हटलं, "बाळासाहेब, आधी गोठा?"

"मग? मॅडम, म्हशीला उकडलं की दूध कमी देती. भाडेकरूला उकडतंय म्हून त्यो भाडं कमी देतो व्हय?"

हिशोब चोख होता! आम्ही हसलो. रेखाताई नाही हसली. ती पुढे झाली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "बाळासाहेब, म्हशीला पंखा आहे, पाणी आहे, आता वर पांढरं छत. तुमच्याकडे खोली घ्यायची तर शेपूट लावून येऊ का?"

दारातून वहिनींचा आवाज आला, "आणखी बोल गं बाई, माझं ऐकत न्हाईत ते!" बाळासाहेबांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी ते क्लासला आलेच नाहीत. मला वाटलं, रागावले. फोन केला तर म्हणाले, "रागावलोबिगावलो न्हाय. पत्र्यावर हाय. खोल्यांची प्रॅक्टिस चाललीय!"

गोठा बघून येताना रिक्षात मी रेखाताईला म्हटलं होतं, जरा जास्तच बोललीस. ती म्हणाली, "मॅडम, मी स्वतःच्या पत्र्याला कोटिंग केलं ना, त्याच्या आधी माझी पोरगी दुपारी डोकं धरून रडायची. या वर्षी मेच्या दुपारी घरात बसून गणितं सोडवतीय. मला परत पॅकिंगला जायचं नाही. हेच करायचंय मला." एवढं बोलून ती बाहेर बघत बसली. मला भरून आलं, पण मी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडून वेळ मारून नेली.

* * *

मग आली खराडी. एका तरुण जोडप्याने बोलावलं होतं, दोघंही आयटीत. नवरा म्हणाला, "मॅम, बेसिकली आम्हाला थोडं सस्टेनेबल व्हायचंय. बिल खूप हाय येतंय."

प्रशांतने खिडक्या तपासल्या. उत्तम. दारं उत्तम. बेडरूममध्ये गेलो तर एसी अठरावर, आणि पलंगावर ही एवढी जाड दुलई!

"मॅडम, एसी अठरावर का ठेवता?" प्रशांतने विचारलं.

बायको म्हणाली, "मला गार असल्याशिवाय झोपच लागत नाही."

"आणि दुलई?"

नवरा म्हणाला, "मला थंडी वाजते ना यार!"

बाहेर हॉलमध्ये येऊन रेखाताईने अगरबत्तीचा पुडा पिशवीत टाकला. "मॅडम, या घरात गळती खिडकीतून नाही, रिमोटमधून आहे."

"एक्झॅक्टली!" बायको नवऱ्याला म्हणाली. "एक्झॅक्टली!" नवरा बायकोला म्हणाला. आणि दोघंही न्यायनिवाड्यासाठी रेखाताईकडे बघायला लागले.

"चोवीसवर ठेवा, पंखा लावा. आणि रिमोट सासूबाईंकडे द्या."

सासूबाई इतका वेळ सोफ्यावर बसून निमूटपणे शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता नुसता हात पुढे केला.

या जोडप्याने सोसायटीच्या ग्रुपवर आमचं इतकं कौतुक केलं, की कमिटीचा निरोप आला. वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट नमुना म्हणून करून दाखवा. पटलं, तर सगळ्या विंगच्या गच्च्या आणि वरचे सगळे फ्लॅट तुम्हालाच. रेखाताईला सांगितलं तर एरवी पोपटासारखं बोलणारी बाई एवढंच म्हणाली, "ब्रश नवे घेऊ या."

* * *

नमुन्याचा फ्लॅट होता सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांनी आयुष्यात कशालाच चांगलं म्हटलेलं नाही, असं त्यांच्या सख्ख्या सुनेनेच आम्हाला सांगितलं. नवी लिफ्ट आली तेव्हा ते म्हणाले होते, "वर जाते. खाली येते. बरी आहे."

पहिल्या दिवशी गेटवरच अडलो. वॉचमनच्या मोबाइलवर कोण आलंय ते भरावं लागतं, तेव्हाच वरून परवानगी मिळते. तो बिचारा विचारतोय, "क्या डालूँ? मेड, ड्राइवर, डिलिव्हरी, पेस्ट कंट्रोल?" यातलं आम्ही काहीच नाही! बाळासाहेब गरम व्हायला लागले, "आरं, ही जमीन कुणाची व्हती, म्हाईत हाय का तुला?"

रेखाताईने त्यांना मागे ओढलं आणि वॉचमनला म्हणाली, "पाहुणे टाक."

झालं! वर काकांच्या फोनवर पाहुणे आले. लिफ्टचं दार उघडलं तर काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, आत काकूंनी चहाचं आधण ठेवलेलं. काकांनी आमच्याकडे बघितलं. चौघंजण, चार बादल्या, खांद्यावर ब्रश.

"या," काका म्हणाले. "हल्ली पाहुणे मुक्कामाला बादली घेऊन येतात वाटतं!"

चहा मात्र दिला. तोही चांगला होता, पण मी म्हटलं नाही. म्हटलं, यांच्यासारखंच वागावं.

* * *

आता हा शेवटचा. हा सांगताना मला अजूनही उभं राहावंसं वाटतं.

काम चाललं तेवढे दिवस काका रोज गच्चीवर यायचे, टोपी घालून, हात मागे बांधून. रेखाताई घासून गच्ची धूत होती तेव्हा म्हणाले, "आमच्या कामवाल्या बाईला जरा हे शिकवा." पहिला हात मारला तेव्हा म्हणाले, "रंग लावून ऊन कमी होतं का? मग एक हात थेट सूर्यालाच मारा ना!" रेखाताई ब्रश न थांबवता म्हणाली, "शिडी पुरत नाही, काका." त्या दिवशी काकांकडून गच्चीवर ताक आलं.

गच्ची झाली, खिडक्या झाल्या, पंखे बदलले. आता निकाल. कमिटीच्या अध्यक्षा मोठ्या हुशार. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सगळीच घरं बरी वाटतात. ऐन दुपारी बघू. आणि काकांचं मत घेतल्याशिवाय मी सही करणार नाही." रविवारची दुपार ठरली. सोमवारी रेखाताईला कंपनीत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा जाणार. सुपरवायझरने शेवटचं म्हणून कळवलं होतं.

काका दुपारी कुठे भेटतात हे त्या सोसायटीत शेंबडं पोरही सांगेल. होळी झाली की वरचा फ्लॅट तापायला लागतो, मग काका जेवून लिफ्टने खाली येतात आणि पार्किंगमध्ये, मुलाच्या गाडीच्या आणि खांबाच्या मध्ये, घडीच्या खाटेवर झोपतात. खाट तिथेच साखळीने बांधलेली असते. त्या वेळात तिथे कुणी हॉर्न वाजवत नाही. वाजवला तर काका झोपेतूनच गाडीचा नंबर सांगतात म्हणे.

तर आम्ही भर दुपारी पार्किंगमध्ये. अध्यक्षा, खजिनदार, कमिटीचे आणखी दोघं, मी, आणि रेखाताई. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. बघतो तर खाट रिकामी!

"गावाला गेले वाटतं," खजिनदार म्हणाले.

"सकाळी मला पार्किंगवरून बोलले. गावाला नाही गेले," अध्यक्षा म्हणाल्या.

रेखाताईचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझा दंड धरून म्हणाली, "मॅडम, कोटिंगच्या वासाने आजारीबिजारी पडले नसतील ना हो?" आम्ही सगळे दाटीवाटीने लिफ्टमध्ये शिरलो आणि वर गेलो.

अध्यक्षांनी बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. काकू.

"शूऽऽऽ!"

"काका बरे आहेत ना?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

काकूंनी दार थोडं आणखी उघडलं. आतून घोरणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, तब्येतीचं घोरणं! काकू कुजबुजल्या, "जेवले आणि आत जाऊन पडले. तीन दिवस झाले, हेच चाललंय. चारनंतर या." आणि दार लागलं.

आम्ही सगळे पॅसेजमध्ये. अध्यक्षांनी खजिनदारांकडे बघितलं. खजिनदारांनी अध्यक्षांकडे बघितलं. मग अध्यक्षा रेखाताईच्या कानाशी लागल्या, "उद्या सी विंगला सुरू कराल?"

"सी का?" खजिनदार कुजबुजले. "आधी बी विंग. आमच्या आईला उन्हाचा त्रास होतो."

"अहो, सही माझी आहे!"

"चेक माझा आहे!"

"हळू, काका उठतील!"

"मी हळूच बोलतोय, तुम्हीच ओरडताय!"

तेवढ्यात रेखाताईचा फोन वाजला. शांत पॅसेजमध्ये केवढा तो आवाज! तिने गडबडीने उचलला, तोंडावर पदर धरला आणि म्हणाली, "सर, उद्या नाही येत मी. उद्याही नाही आणि परवाही नाही. जागा देऊन टाका कुणाला तरी. माझ्या गच्च्या चालू होतायत." फोन बंद केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे पुसतेय आणि हसतेय! मीही रडले. रडायचंच होतं मला.

पलीकडे बी विंग की सी विंग हे चालूच. कुजबुज वाढत वाढत चांगलीच कडाक्याची झाली.

खाडकन दार उघडलं. काका! बनियनवर, डोळे किलकिले, केस उभे. आम्ही सगळे जागच्या जागी गार.

काका म्हणाले, "भांडायचंच असेल तर खाली पार्किंगमध्ये जा. माझी खाट रिकामी आहे!"